करंगळीएवढा चिरूट

मित्राने प्रवासाहून येताना एक चिरूट आणून दिला. करंगळीएवढा, पण काळाकुट्ट. “दिसतो लहान, पण कडक आहे. ओढून सांग कसा वाटतो,” म्हणाला. संध्याकाळी तो घेऊन मी गॅलरीत बसलो आणि पेटवण्याआधी नकळत कानाशी नेऊन दोन बोटांत फिरवला. बाबा तसंच करायचे. पान फार कुरकुरलं तर चिरूट वाळलेला, अगदी गप्प राहिलं तर सर्दावलेला. त्यांना या दोन्हींच्या मधली, जेमतेम ऐकू येणारी कुरकुर हवी असायची. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांची ही सवय माझ्या बोटांत कधी येऊन राहिली, मला कळलंच नाही.

रविवारी जेवण झालं की ते मागच्या पायरीवर चिरूट ओढत बसत आणि आई स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावून घेई. त्या आवाजाशिवाय आमचा रविवार पुरा होत नसे.

पहिल्याच झुरक्याला मिऱ्यासारखा झणका घशाला लागला, डोळ्यांत पाणी आलं. मग हळूहळू जिभेवर करपलेल्या गुळाची चव उतरली. आकाराच्या मानाने जबर आहे, घाईने ओढण्यातला नाही, एवढं मित्राला सांगता आलं असतं.

तेवढ्यात माझ्यामागे आईच्या खोलीच्या खिडकीची कडी वाजली.

“नको लावूस, मी विझवतोच,” मी न वळता म्हणालो.

खिडकी लागल्याचा आवाज आला नाही म्हणून वळून पाहिलं. तिने खिडकी सताड उघडली होती आणि गज धरून, डोळे मिटून उभी होती.

“ह्यांचा जरा सौम्य असायचा,” ती म्हणाली. “विझवू नकोस.”