बाबाचा दात

पोरी, फोन जरा कानाला नीट लाव आन ऐक. पेपरात छापून आलं आन तू लगेच फोनवर म्हणालीस, "आजी, बाबा तर गढीवाल्यांचेच निघाले की!" एवढी शिकलेली तू, आधी मला इचारलं आसतंस तर जीभ झिजली आसती का?

निजामाच्या फौजेशी लढून मेलेला आपला मेंढपाळ बाबा. धर्मापुरीच्या रस्त्याला समाधी हाय, पूजा पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरात. गढीवाले जमीनदार म्हणतात, तो आमचा सरदार. मी भर चावडीवर इचारलं, "मालक, तुमच्यात माणूस जाळतात. पुरतो आमी. मग समाधी कुणाची?" मालकाचं तोंड लालबुंद.

त्यानंच मग शहरातनं डीएनए तपासणारी बाई आणली. समाधीचा दगड गावानं हलवू दिला न्हाई. तवा आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या डबीत जपलेला बाबाचा दात डबीसकट तिला दिला, आन जुळतं का बघायला तुझ्या बापाची आन मालकाची थुंकी घेतली.

पर त्या दातावर किती लेकरांची लाळ हाय, तुला ठाऊक न्हाई? हिरड्या शिवशिवायला लागल्या की आया लेकरं घेऊन माझ्याकडं येतात, मी तो दात हिरडीवर फिरवते. गेल्या उन्हाळ्यात गढीची सून बी मागल्या दारानं आलती, पदराखाली मालकाचा नातू. पठ्ठ्या दात चोखत बसला, सोडंना!

हे त्या बाईला सांगाया गेले तर मालक खेकसला, "ए म्हातारे, शास्त्रात नाक खुपसू नगंस."

"तुमच्या नातवाची लाळ हाय त्याच्यावर, मालक."

"मग धुतला न्हाईस व्हय?"

"धुवायला तुमी आलतात का?"

लोक खदाखदा हसले, पर तवर त्या बाईची गाडी निघून गेलती.

निकाल बाईनं पंचायतीत वाचला. दाताला भेग, लाळ आतवर मुरलेली. लई जणांचं मिसळलंय, मालकाच्या घरचं बी, आपल्या घरचं बी, म्हणून बाबा कुणाचा ते सांगता येत न्हाई. मालकानं पेपरवाल्याला मधलं तेवढंच सांगितलं: रक्त जुळलं! आरं, नातवाची लाळ आज्याला जुळली, आन हा फेटा बांधून मिरवतोय. लाज कशी वाटत न्हाई मेल्याला?

दाताची डबी मालकानं त्या बाईकडनं परस्पर घेतली, आता ती गढीच्या काचेच्या कपाटात. परवा एक बाई रडतं लेकरू घेऊन आली, तिला रिकाम्या हातानं लावून दिलं. जिव्हारी लागलं बघ.

येत्या सोमवारी ग्रामसभा हाय. समाधी गढीच्या नावावर करायचा ठराव आणणारेत. मी उभी राहणारच, पर मला अडाणी म्हणून खाली बसवतील. निकालाचा कागद पंचायतीत हाय, तुला तो वाचता येतो. सगळाच्या सगळा वाच, मालकाच्या तोंडावर. घाटनांदूरला रेल्वेतनं उतर, तुझा बाप घ्यायला येईल. सोमवारच्या आत ये गं माय.