मागं जाण्याचं बटण

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. हिंगोलीतल्या मूकबधिर मुलांच्या शाळेत मी शिकवते. माझ्या तोंडून काय निघालं ते मुलांना ऐकू आलं नाही, पण चेहरा सगळ्यांनी वाचला. तापाचं निमित्त झालं, तिला नांदेडला नेलं, आणि तिथून ती परत आलीच नाही. त्याला आता काही महिने झाले. रागात लिहू नये म्हणतात, म्हणून थांबले होते… पण राग काही जात नाही. तेव्हा आहे तसंच लिहिते.

नसीम आखाडा बाळापूरची. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे ती इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, आणि वडील वारल्यावर अम्मींसाठी बाळापूरला परतून घरूनच एका कंपनीचं काम करू लागली. त्या कंपनीकडे खुणांच्या भाषेतल्या धड्यांचं अॅप बनवायचं काम आलं, ते तिनं मागून घेतलं. त्या व्हिडिओंमधले हात माझे आहेत. तिनं हट्टानं मला उभं केलं होतं.

अॅप आमच्या शाळेतल्या टॅबलेटांवर आलं आणि लगेच बंद पडू लागलं. नसीम स्वतः येऊन मागच्या बाकावर बसली. बराच वेळ मुलांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "वंदे, हे लेकरू सारखं मागं काहून दाबून राहिलं?"

"ऐकू येणारं पोरगं इकडंतिकडं बघत बी धडा ऐकतं. याची नजर जरा हलली की वाक्य गेलं. मग मागं जावंच लागतं."

तिला कारण सापडलं होतं. व्हिडिओ चालवणारा प्लेअर कंपनीनं बाहेरून आयता घेतला होता. त्याच्या आत शिरून दुरुस्ती करायची सोय नव्हती. त्याला पुन्हापुन्हा मागं नेलं की तो कोसळायचा आणि अख्खं अॅप बंद पाडायचा. ज्यांनी तो बनवला त्यांना तिनं कळवलं. उत्तर आलं, असा वापर सर्वसाधारण नाही. "आपल्या लेकरांचं बघणं यांच्या हिशोबातच न्हाई," ती म्हणाली आणि हसली. फार राग आला की ती हसायची.

मग तिनं आडवाट काढली. एकेक वाक्य सुटं केलं. मागचं बटण दाबलं की प्लेअरला मागं न्यायचंच नाही. तो बंद करायचा, नवा उघडायचा आणि हवं ते वाक्य पहिल्यापासून लावायचं. मधे क्षणभर पडदा काळा व्हायचा, मुलं दचकायची. तिथं तिनं माझ्या हातांचं स्थिर चित्र बसवलं. मुलांना काही कळलंच नाही. कंपनीतले साहेब फोनवर म्हणाले, "हे जुगाड वाटतं." मी शेजारीच होते. नसीम म्हणाली, "जुगाडच आहे सर. पण काढू नका. काढलं की अॅप पडेल." साहेब "ठीक आहे" म्हणाले.

ती गेल्यावर तिच्या जागी आलेल्यांनी ते काढलं. सारखं बंद-चालू कशाला, उगाच वेळ जातो, असं त्यांना वाटलं. नवं अॅप टॅबलेटांवर आपोआप आलं आणि पुन्हा कोसळू लागलं. ऑनलाइन मीटिंग झाली. साहेब सगळ्या शाळांसमोर म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण नसीम मॅडमच्या कामात मूळ दोष राहून गेला होता."

मी मधेच बोलले. तिनं काय केलं होतं आणि तुम्ही काय काढलंत, ते सगळं सांगितलं. जुनं होतं तसं परत घाला म्हटलं.

"मॅडम, तुम्ही टेक्निकल नाही ना," ते म्हणाले.

पुढे दुरुस्ती झाली. त्यांनी मागं जाण्याचं बटणच काढून टाकलं. आता अॅप पडत नाही. मुलं मात्र बटण होतं त्या मोकळ्या जागेवर अजून बोट दाबत बसतात…

मी बाळापूरला गेले तेव्हा अम्मींनी पाणी देता देताच विचारलं. बाजारात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "बेटी, माझ्या लेकीनं खराब काम केलं व्हय?"

"न्हाई अम्मी." मी म्हटलं. शाळेत एक टॅबलेट बिघडून कपाटात पडली होती, म्हणून तिच्यावर नवं अॅप आलंच नव्हतं. ती दुरुस्त करून घेतली आणि पुढच्या खेपेला अम्मींच्या हातात दिली. मागं कसं न्यायचं ते दाखवलं. त्यांनी बटण दाबलं, परत दाबलं, दाबतच राहिल्या. माझे हात तेच वाक्य पुन्हापुन्हा सांगत राहिले.

"आवाज न्हाई यात?"

"न्हाई अम्मी. यात आवाज नसतो."

"मग यात माझी नसीम कुठं हाय?"

"तुमी इतकं दाबलं, बंद पडलं का?"

अम्मींनी नकारार्थी मान हलवली. टॅबलेट पदराखाली घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही.

ती टॅबलेट आता माझ्या वर्गात आहे. एकच आहे, मुलं पाळीपाळीनं घेतात. मी ती नेटला जोडत नाही; जोडली की नवं अॅप येईल. त्यामुळे तिच्यात पुढचे धडेही येत नाहीत. नसीमनं जिथपर्यंत बसवले, तिथपर्यंतच आहेत.