आईसाठी फाडलेला सदरा

आई गेली त्या दिवशी मी आमच्या बेने इस्रायल ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे अंगातला सदरा डाव्या बाजूला, छातीशी फाडला. तीस दिवस झाल्यावर तो अलिबागच्या बाजारातल्या दत्ता शिंप्याकडे दिला. नुसता टाचून हवा, एवढं सांगायचं राहून गेलं. त्याने तो असा रफू केला की फाटलं होतं कुठे, हे मलाच सापडेना.

"शोधा आता, काका," तो हसत म्हणाला.

आई गेलीच नव्हती असं तो सदरा सांगत होता. आमच्या जुन्या धर्मपंडितांनी याचा बारीक विचार करून ठेवला आहे. भावासाठी, बायकोसाठी फाडलेलं वस्त्र पुढे नीट शिवता येतं. आईवडिलांसाठी फाडलेलं कधीच नाही. ते ढोबळ टाक्यांनी जोडायचं. जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिरासाठी फाडलेलंही तसंच. विसरू नका, असं त्यांनी कुठे म्हटलं नाही. फक्त शिवण कशी असावी ते सांगितलं.

दत्ताची मेहनत पाहून बोलणं जिवावर आलं, तरी सगळं सांगितलं.

"आधी नाही का सांगायचं?" एवढंच तो म्हणाला आणि एकेक धागा उसवू लागला. मग जाड दोऱ्याचे चार टाके घातले. काम झालं की शिवण अंगठ्याने दाबून सपाट करायची त्याची सवय आहे. अंगठा टेकणार, तोच त्याने हात मागे घेतला.