पांढऱ्या टॉवेलची खूण

बाई गं,

तुला आम्ही सगळे पाचोळेबाई म्हणायचो, तेही तोंडावर, आणि तूही हसून ओ द्यायचीस. तेच नाव चालवते. हे पत्र वाचनालयाच्या अंकातही छापायला देणार आहे, त्यामुळे तुला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल. कंटाळलीस तर दोन परिच्छेद गाळ.

तुझी नोकरी अग्निशमन केंद्रातली, पण आग विझवायची नव्हे. वणवा लागायच्या आधी लोकांना शहाणं करायचं, हे तुझं काम. म्हणजे आगीपेक्षा अवघड. आग निदान पाण्याला तरी ऐकते. पन्हळीतला पाचोळा काढा, भिंतीला टेकवलेलं सरपण लांब रचा, खिडकीखालचं वाळकं झुडूप तोडा, असं सांगत तू दारोदार हिंडायचीस. "आल्या पाचोळेबाई, हातात झाडू धरा म्हणजे लवकर जातील," असं लोक म्हणायचे. माझ्याकडे पहिल्यांदा आलीस तेव्हा मीही खवचटपणे विचारलं होतं, "पगार झाडण्याचा मिळतो की बोलण्याचा?"

"घाबरण्याचा, मावशी," तू म्हणालीस. "सगळ्यांच्या वतीनं मी एकटी घाबरते."

मला वाटलं, पोरगी हजरजबाबी आहे. तो विनोद नव्हता, हे पुढे कळलं. चहा पिता पिता वारा फिरला की तुझी कपबशी खाली जायची आणि नाक वर. जीप कुठेही लावलीस तरी तिचं तोंड रस्त्याकडे. तुझ्या खोलीतल्या भिंतीवरच्या नकाशात टेकडीवरची गल्ली लाल रंगवलेली होती, आणि तुझी खुर्ची त्या नकाशाकडे पाठ करून असायची. "सारखं बघवत नाही," म्हणायचीस. खरंच होतं. त्या गल्लीत दोन्हीकडे घरं, घरांमागे छातीइतकं वाळलेलं गवत, आणि खाली उतरायला रस्ता एकच. माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्या गल्लीतल्या शेवटच्या वळणावर एकटी राहते.

टॉवेलची युक्ती तुझीच. वणवा आला तर ज्यानं त्यानं घर सोडताना फाटकावर पांढरा टॉवेल अडकवायचा, म्हणजे रिकाम्या घरांची दारं ठोठावण्यात बंबवाल्यांचा वेळ जाणार नाही. शाळेच्या सभागृहात तू हे सांगितलंस, तर मागच्या बाकावरून निवृत्त पोस्टमास्तर ओरडले, "म्हणजे वणव्याला शरण जायचं का?" सगळे हसले. अक्कानं हात वर केला. "टॉवेल नवा की जुना?"

"कुठलाही, अक्का. फक्त पांढरा. आणि घर सोडताना. घर सोडताना!"

तू दोनदा सांगितलंस. अक्कानंही दोनदा ऐकलं. पण आमची अक्का म्हणजे, गाडी मागच्या स्टेशनात असतानाच फलाटावर जाऊन उभी राहणारी बाई. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा आठवडाभर आधी देऊन मोकळी होते, न जाणो विसरलो तर!

त्या दिवशी सकाळपासून कोरडा, तापलेला वारा होता. दुपारी टेकडीपलीकडून धूर उठला आणि तू जीपवर भोंगा लावून वर गेलीस. आम्ही खालचे लोक शाळेत जमलो. वरून माणसं येत होती; कुणी मांजर घेऊन, कुणी उशी घेऊन, एक गृहस्थ तर हातात टीव्हीचा रिमोट घेऊन. शेवटी तू आलीस. आवाज बसलेला, चेहरा राखेसारखा, पण सुटल्यासारखी हसलीस.

"वरची गल्ली रिकामी, मावशी. प्रत्येक फाटकावर टॉवेल."

"अक्का कुठंय?"

"तुमच्याकडे नाहीत?"

"माझ्याकडे असती तर तुला कशाला विचारलं असतं?"

"पण टॉवेल होता. मी स्वतः पाहिला. निळ्या काठाचा."

मी ओरडलेच. "अगं, तो तिनं सकाळीच लावून ठेवला असेल!"

तू टेबलाची कड घट्ट धरलीस. केंद्रप्रमुख वायरलेसवर म्हणाले, आता कुणीही वर जायचं नाही, बंब दुसऱ्या उतारावर अडकलेत, थांबा. "मला नाही जमणार, मावशी," तू स्पष्ट म्हणालीस, आणि म्हणता म्हणता पर्समधून जीपची किल्ली काढत होतीस. मी शेजारी बसायला लागले तर दार आपटून लावलंस. "दोघींसाठी घाबरायची ताकद नाही माझ्यात!"

पुढचं मला तू थोडं सांगितलंस, बाकीचं अक्कानं.

अक्का मागच्या खोलीत आडवी झाली होती. सकाळपासून वाऱ्याच्या आवाजानं डोकं उठवलं म्हणून कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलेलं. तू तिला गदागदा हलवलंस तर म्हणते, "टॉवेल लावलाय की! दिसत नाही का तुला?" तू वाद घातला नाहीस. तिच्या चपला एका हातात आणि ती दुसऱ्या हातात, असं तिला जीपमध्ये कोंबलंस. तोवर खालच्या वळणावर रस्त्याच्या दोन्ही बाजू पेटल्या होत्या.

मग वर. गल्ली संपते तिथे दगडखाणीचं लोखंडी फाटक आहे. पलीकडून खाणीचा रस्ता थेट हमरस्त्याला उतरतो. फाटकाला हे एवढं कुलूप. पहारेकरी पळून गेला होता, त्यात त्याचं काय चुकलं? तू जॅकच्या दांड्यानं कुलपावर घाव घातलेस, रडलीस, आणि अक्कानं पुढे मला हळूच कानात सांगितले ते शब्द मोठ्यानं उच्चारलेस. कुलूप हललं नाही. फाटकासमोर ट्रक वळवायची मोकळी जागा होती, नुसती खडी, गवताची काडी नाही. तिच्या मधोमध तू जीप उभी केलीस, काचा चढवल्यास, दोघी खाली वाकलात आणि वरून घोंगडी ओढलीस.

अक्का म्हणते, तू तिला इतकं आवळलंस की बरगड्या आठवडाभर दुखत होत्या. तू काहीतरी पुटपुटत होतीस. "काय म्हणतेस?" अक्कानं विचारलं.

"काही नाही! घाबरतेय!"

"मग मोठ्यानं घाबर, मला ऐकू येत नाही."

त्याच वेळी मी शाळेच्या पायरीवर बसून टेकडीकडे बघत होते. टेकडी दिसतच नव्हती. कुणीतरी पाण्याचा पेला हातात दिला, तो मी सांडला. आयुष्यभर मी लोकांना घाई करत आले. त्या दिवशी घाई करायला समोर कुणी नव्हतं.

गवताची आग ती, भडकली तशी पुढे सरकली. जीपचा रंग फोडासारखा उठला, एका चाकाचा टायर वितळला. संध्याकाळी बंबाच्या गाडीतून तुम्ही दोघी उतरलात. अक्का काजळीनं माखलेली, आणि तुला उभंच राहता येईना.

नंतर लोकांनी तुझं कौतुक करायला सुरुवात केली, तेव्हा तू पळून माझ्याकडे आलीस. "टॉवेल आता बंद, मावशी. पण फाटकाचं काय? तिथली एक किल्ली केंद्रात हवी. दोन अर्ज केले, खाणमालक उत्तर देत नाही." तो कॉलेजात माझा विद्यार्थी होता. बुद्धीनं मठ्ठ, पण मला टरकायचा. दोघींनी जाऊन त्याच्यासमोर बसायचं, किल्ली घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलं. पहिल्या खेपेला तो परगावी गेला होता. दुसऱ्या खेपेला मी चपला घालून दारात उभी होते, तर वारा सुटला आणि तू केंद्रावर धावलीस. मग तुझी समुद्राकडे बदली झाली. तू मागून घेतलीस म्हणतात. घेतली असलीस तर बरं केलंस; माणसानं किती घाबरावं? इकडे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

अक्का परत त्याच घरात राहते. मी बोलावलं तर म्हणते, "पन्हळी साफ आहेत, मला काय धाड भरलीय?" गवत पुन्हा छातीइतकं झालंय आणि वाळायला लागलंय. रात्री वारा वाजला की मी उठून बसते. खाणमालकाचं घर बँकेसमोरच आहे, पेन्शनला जाताना रिक्षातून दिसतं. दिवाणखान्यात दिवा असतो, म्हणजे तो घरीच असतो. रिक्षावाल्याला थांब म्हणते, मग चल म्हणते. एकटीला तो चहा पाजेल, पाया पडेल आणि वाटेला लावेल. अर्जाची तारीख, नकाशा, नियम हे सगळं तुझ्या तोंडी होतं. आपलं त्याच्याकडे जायचं राहिलंय.