सोऱ्यातला समुद्रतळ

४ डिसेंबर. माळ्यावरचा पितळी सोऱ्या उतरवून चिंचेने घासायला घेतला. तो आमच्या भूगोलाच्या सरांचा. उद्या अकरावीला समुद्राखालची पर्वतरांग शिकवायची होती.

सरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. अकोटहून एसटीने अकोल्याला कॉलेजात यायचे, तेवढाच त्यांचा प्रवास. पण समुद्राचा तळ असा सांगायचे, जणू कालच झाडून आले. "पानी काय पाहाचं? खालचं पाहा," म्हणायचे.

हा धडा आला की घरून सोऱ्या आणि शेवेचं पीठ आणायचे. वर्गातल्या दोन मुली दोन पाट चिकटवून धरत आणि सावकाश उलट दिशांना ओढत. सर मधल्या फटीवर सोऱ्या दाबत. "हे खालून येऊन राहिलं असं समजा. फट पडली, लाव्हा आला, गोठला, झाला नवा तळ. जुना कडेले, नवा मधात. आपल्या वावराखालचा काळा दगड हाय ना, त्याच जातीचा." मग पाट आणखी हळू ओढायला लावत. पिठाचा ढीग होई. "हळू सरकलं तं कवच जाड, जोरात सरकलं तं पातळ." शेवटी ती शेव तळून वर्गात वाटत. धडा कुणी विसरत नसे.

तीच पंचाईत झाली. मी अमरावतीला शिकवायला लागले आणि पहिल्याच वर्षी लक्षात आलं, सरांचं ते जाड-पातळचं वाक्य चूक आहे. आठवड्यावर त्यांचा निरोप समारंभ होता आणि जुन्या विद्यार्थ्यांसमोर ते सोऱ्याचाच तास घेणार होते. गप्प बसले तर चूक भरल्या सभागृहात पक्की होणार. बोलले तर त्यांच्या शेवटच्या तासाचा विचका माझ्या हातून. रविवारी अकोटची बस धरली.

"सर, सोऱ्याले आपला हात दाबते. समुद्राखाली कोनी दाबत नाही. वरचे पाट सरकले म्हनून खालचा गरम दगड वर येते, भार कमी झाला की वितळते. पाट फारच हळू सरकले, तं येता येताच थंड होते. वितळते कमी. मंग कवच पातळ, कुठं कुठं तं नाहीच."

सरांनी सोऱ्या काढून हातात फिरवला. "म्हंजे इतले वर्सं मी पोराईले चूक खाऊ घालून राहिलो?"

"चव बरी होती, सर."

"तू पयल्यापासूनच आगाऊ." मग जे हसायला लागले, ते काकूंनी चहा आणला तरी थांबेनात.

समारंभात त्यांनी पाट हळू ओढायला लावले, ढीग केला आणि विचारलं, "जाड का पातळ?"

सगळं सभागृह म्हणालं, "जाड."

"चूक. मीच शिकवली. आता माही मास्तरीन सांगन." आणि मला उभं केलं. जाताना सोऱ्या माझ्या पिशवीत टाकला. "काकू भांडन. पन हा तुह्याजवळच ठीक."

सर मागच्या वर्षी गेले, समुद्र न पाहताच.

५ डिसेंबर. सकाळी वर्गात मी ढीग होऊ दिला. पोरं म्हणाली, "जाड." मी सोऱ्या टेबलावर ठेवला, हात वर केला आणि म्हटलं, "हा हात समुद्राखाली नसतो." सगळं समजावून झाल्यावर शेव तळायला पाठवली.