चाळीच्या पानावरची दोन वाक्यं

प्राचार्यांच्या केबिनमध्ये दोन माणसं बसली होती. एकाच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि स्क्रीनवर आमच्या एका विद्यार्थिनीने लिहिलेलं पान. मी बसायच्या आतच प्राचार्य म्हणाले, "मॅडम, हे आजच्या आज डिलीट करायचं."

"सर, ते माझ्या हातात नाही."

"प्रोजेक्ट तुमचाच आहे ना?"

प्रोजेक्ट माझाच होता. परळच्या एका कॉलेजात मी मास मीडियाच्या मुलांना शिकवते. दरवर्षी तीच ती पोस्टर प्रेझेंटेशन्स बघून मी कंटाळले होते, आणि मुलं करून. म्हणून त्या वर्षी थर्ड इयरला मी वेगळं काम दिलं. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, कुणीही फुकट वाचावा आणि कुणीही त्यात लिहावं असा. त्याच्या मराठी आवृत्तीत प्रत्येकाने आपापल्या भागाबद्दल एक लेख लिहायचा. गिरणगावाबद्दल तिथे फारसं काही नव्हतंच. कुणी व्यायामशाळेवर लिहिलं, कुणी मासळीबाजारावर. श्रुतिका जाधवने आपल्या चाळीवर लिहिलं.

या ज्ञानकोशाचा एक कडक नियम आहे. मनचं काही लिहायचं नाही. प्रत्येक विधानाला छापून आलेला आधार हवा, म्हणजे बातमी, पुस्तक किंवा सरकारी अहवाल. त्याला संदर्भ म्हणतात. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत, एवढं तिथे पुरत नाही. श्रुतिकाला हेच जड गेलं.

आदल्या वर्षी त्या चाळीच्या गॅलरीचा एक भाग कोसळला होता. शेजारच्या शेवंताकाकी पाणी भरायला बाहेर आल्या होत्या, त्या त्यात गेल्या. श्रुतिकाचे आईबाबा दोघंही कामावर, त्यामुळे लहानपणी ती दुपारची काकींकडेच जेवायची. पहिल्या मसुद्यात तिने पानभर काकीच लिहिल्या होत्या. मी ते सगळं काढायला लावलं. उरली दोन वाक्यं. चाळीच्या रिडेव्हलपमेंटची तयारी सुरू असताना गॅलरी कोसळून एका रहिवासी महिलेचा मृत्यू झाला. विकासकाच्या कंत्राटदाराने टेकू काढून नेल्याची तक्रार रहिवाशांनी आधीच केली होती. दोन्ही वाक्यांना दैनिकांतल्या बातम्यांचे संदर्भ होते.

काकींचं नावही नको का, असं तिने विचारलं. सामान्य माणसाचं नाव अशा ठिकाणी सहसा देत नाहीत, असं मी सांगितलं. बाकीच्या मुलांनी लिहिण्यासाठी काहीबाही टोपणनावं घेतली होती. श्रुतिकाने खातं उघडलं ते स्वतःच्या पूर्ण नावाने. म्हणाली, "माझं तरी दिसू दे."

केबिनमधला लॅपटॉपवाला विकासकाच्या ऑफिसातला होता. आवाज अगदी मऊ. नव्या टॉवरचं बुकिंग सुरू झालंय, कस्टमर चाळीचं नाव सर्च करतो आणि पहिलं हेच पान येतं, ही त्याची अडचण. मी त्याला समजावलं, की इथे पान कुणाच्या मालकीचं नसतं. संदर्भ असलेला मजकूर पुसला तर दुसरं कुणीतरी तो परत आणतं. बातमी चुकीची असेल तर ती चुकीची होती असं छापून आलेलं दाखवा, तेही पानावर येईल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग स्क्रीनवरचं खात्याचं नाव वाचलं आणि शेजारच्याला विचारलं, "जाधव म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे ना?"

प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते.

त्याच आठवड्यात श्रुतिकाचे वडील कॉलेजात आले. प्रकाश जाधव. जवळच्याच हॉस्पिटलात वॉर्डबॉय. जेवणाच्या सुट्टीत युनिफॉर्मवरच आले होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. रिडेव्हलपमेंटमध्ये आधी कोण पात्र ते ठरतं, म्हणजे नवी रूम कुणाला मिळणार ते. त्यांची कागदपत्रं विकासकाच्या ऑफिसात होती. अ‍ॅग्रीमेंटवर सही व्हायची बाकी होती.

"परवापर्यंत सगळं क्लिअर होतं, मॅडम. आता म्हणतात, रूम वडिलांच्या नावावर आहे, भावाची सही आणा. भाऊ वारला माझा. त्यांना माहितेय."

मी म्हटलं, श्रुतिकाने एक शब्दही खोटा लिहिलेला नाही.

"खोटं कोण म्हणतंय? शेवंतावहिनींना मीच ढिगाऱ्यातून काढलं. आमच्याच हॉस्पिटलात नेलं. पण रूम गेली तर आम्ही जायचं कुठे?"

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लॅबमध्ये श्रुतिकाने ती दोन वाक्यं स्वतःच पुसली. मी शेजारी बसले होते. थोड्याच वेळात वाक्यं परत आली. या ज्ञानकोशावर काही जुने स्वयंसेवक देखरेख करतात, त्यांना प्रचालक म्हणतात. त्यांतल्या एकाने तिचा बदल उलटवला होता. तिने पुन्हा पुसलं. वाक्यं पुन्हा आली, आणि सोबत तिच्या नावाने ताकीद. संदर्भ असलेला मजकूर कारण न देता काढू नये, पुन्हा असं झाल्यास खातं बंद करू.

तिने ती वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, लिहिलं म्हणून घर जातंय. पुसलं तर मीच गुन्हेगार."



त्या प्रचालकांना मी एका वर्कशॉपमुळे ओळखत होते. नागपूरचे, बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी आज हे काढलं, तर उद्या प्रत्येक बिल्डर अशीच एकेक पोरगी पुढे करेल. मला नाही काढता येणार." मला राग आला. पण त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. त्यांनी एवढंच सुचवलं, की तिने अर्ज केला तर खात्याचं नाव बदलून मिळेल आणि पानाच्या इतिहासात, म्हणजे कुणी काय लिहिलं त्या नोंदीत, तिचं नाव दिसणार नाही. तिने अर्ज केला. नावाच्या जागी काही निरर्थक अक्षरं आली. ज्यांच्यापासून लपायचं होतं त्यांना ते आधीच कळलेलं होतं, तरी केलं.

मी प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, काम कॉलेजने दिलं होतं, तर कॉलेजने विकासकाशी बोलावं, त्या मुलीच्या घराला हात लावू नका म्हणून सांगावं. ते म्हणाले, "मॅडम, आपली बिल्डिंगपण कधीतरी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे."

चाळीतल्या बहुतेकांच्या सह्या झाल्या. जाधवांची रूम वादात आहे, असं विकासकाचे लोक तोंडी सांगतात. चाळ पाडली. बाकीच्यांना विकासकाकडून तात्पुरत्या घराचं भाडं सुरू झालं, यांना नाही. आता ते ठाण्याच्या पुढे दिव्याला भाड्याने राहतात आणि वडील तिथून ड्यूटीवर येतात. श्रुतिका पास झाली. परळच्याच एका टॉवरमध्ये इन्शुरन्सच्या ऑफिसात कामाला आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा मी पानाचा विषय काढला. ती म्हणाली, बघत नाही मी. मग आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिली.

मी बघते. वाक्यं अजून आहेत. अधूनमधून एखादं नवं खातं येऊन ती पुसतं आणि कुणीतरी परत आणतं.

प्रोजेक्ट मी बंद केला नाही. संदर्भ कसा द्यायचा ते पहिल्यासारखंच शिकवते, आणि खऱ्या नावाने खातं उघडू देत नाही. विषय मंजूर करण्याआधी मात्र प्रत्येकाला विचारते, की तुमच्या घराचे कागद सध्या कुणाकडे आहेत. याचा मार्कांशी काय संबंध, असं मुलं विचारतात. मी म्हणते, आधी घरी विचारून ये, मग विषय सांग.