दक्षिणेकडे पाय

उभ्या जुन्नर तालुक्यात आमच्या मामांइतकं बारकाईनं घर पाहणारा माणूस मला भेटला नाही, आणि आमचे मामा दोन्ही डोळ्यांनी ठार आंधळे होते. पाचव्या वर्षी देवी आल्या, त्यात डोळे गेले. पण तेवढ्यावरून आपल्याला आंधळं म्हणावं, हे त्यांना मान्य नव्हतं. ओतूरच्या स्टँडसमोर त्यांचा टेलिफोन बूथ होता. चपलांच्या आवाजावरून ते गिऱ्हाईक ओळखत आणि त्यानं तोंड उघडायच्या आत त्याच्या मुंबईच्या मेव्हण्याचा नंबर फिरवून मोकळे होत. घरात तर त्यांचा हात धरायची कुणाची टाप नव्हती. खाट खोलीच्या मधोमध. उजव्या अंगाला उतरलं की सहा पावलांवर पाण्याचा माठ, डाव्या अंगाला आठ पावलांवर दार. पाहुणे आले की मामी दटावत, "काय बी हलवू नका, त्यान्ला घर पाठ हाय."

मग घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला खोली हवी झाली. नारायणगावात बूथपुरती जागा आणि शेजारी एक खोली मिळाली. त्या बिऱ्हाड हलवण्याचा बेत मामांनी महिनाभर चालवला, आणि माझे चार रविवार त्यात गेले. सुतळीला पावलापावलावर गाठी मारून आम्ही जुनी खोली मोजली; मग तीच सुतळी पिशवीत घालून जीपनं नारायणगावला गेलो आणि नव्या खोलीत खडूच्या खुणा केल्या. शर्टाचा खिळासुद्धा सुटला नाही. टेम्पोवाल्याला त्यांनी बजावलं, "पावणं, खाट शेवटी चढवा. ती पहिली उतरली पायजे. बाकीचं घर तिच्यावरनं मोजायचंय." एवढा खटाटोप कशाला, असं मी वैतागून विचारलं, तर म्हणाले, "आपल्याच घरात दुसऱ्याचा हात धरावा लागला, तर ते घर आपलं न्हाई."

सामान खुणांवर बरोबर लागलं, दूध उतू घालून झालं. एकच गोष्ट सुतळीत मावली नव्हती. ओतूरचं दार पश्चिमेला होतं, हे पूर्वेला. त्याचं सगळ्यांना कौतुक. पण सगळी खोली उलटी फिरली आणि खाटेवर पाय दक्षिणेकडे येऊ लागले. जित्या माणसानं तसं झोपू नये, म्हणून मामा बूथकडे गेलेले पाहून मामींनी गुपचूप उशी दुसऱ्या टोकाला नेली. दमलेले मामा आले, हाताला उशी लागली तिकडे डोकं टेकून झोपले. मी टेम्पोवाल्याला चहा पाजून परतलो, तर मामा दारासमोरच्या शेजाऱ्याच्या गोठ्यात म्हशीच्या पोटावर हात ठेवून उभे. "माठ असा ऊन कसा काय?" उशी फिरल्यानं उजव्या अंगाला आता दार आलं होतं; सहा पावलांवर माठ लागेना म्हणून ते तसेच पुढे गेले, आणि वाटेत उंबरा लागला तेव्हा त्यांना वाटलं होतं, कुणीतरी मधेच पाटा ठेवलाय.

मी हसलो, आणि लगेच मला लाज वाटली. परत जायची वाट त्यांना माहीत नव्हती. मी हात धरून त्यांना आत आणलं. खाटेवर बसून ते म्हणाले, "डोळं गेलं तवा मी पाच वर्षांचा व्हतो. पण आंधळा आज झालो."

मामींनी रडत उशीचं कबूल केलं. "दक्षिणेला पाय केलं की यम येतो," त्या म्हणाल्या.

"यील की. त्याला दोन डोळं हायेत, त्याला मी सापडंल. मला माठ सापडू दे."

उशी परत फिरली. त्यानंतर मामा त्या घरात बरीच वर्षं राहिले आणि त्यांनी पुन्हा कुणाचा हात धरला नाही. पुढे मोबाइल आले, बूथ बंद झाला, आणि एका पहाटे मामाही गेले. महिन्याभरानं मी मामींना भेटायला गेलो. त्या आता त्याच खाटेवर झोपत होत्या आणि उशी होती तिथेच होती.

"मामी, आता तरी फिरवा ती," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. कधी आलंच, तर पाणी कुठं शोधत बसतील?"

मी खाटेवर बसलो, उजव्या अंगाला उतरलो आणि सहा पावलं चाललो. माठ काठोकाठ भरलेला होता.